नावाच्या दोन्हीकडे दोन रेघा

उकंडराव अवचार सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या मसुद्यांचा खास उल्लेख केला होता. "उकंडरावांच्या पत्रात विषय कुठला आणि मजकूर कुठला, हे डोळे मिटून कळतं," असं साहेब म्हणाले. डोळे मिटून पत्र कसं वाचतात हे कोणी विचारलं नाही, कारण मागच्या रांगेत चिवड्याच्या प्लेटा फिरायला लागल्या होत्या. उकंडरावांनी मात्र ते वाक्य वाशीमजवळच्या मालेगावला आपल्या घरी जसंच्या तसं आणलं आणि पाव्हणा आला की त्याला चहाबरोबर ऐकवायला सुरुवात केली.

त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या उमेदीत शब्द ठळक करायचा म्हणजे अंगमेहनतीचं काम होतं. टाइपरायटरची गाडी मागे आणायची आणि त्याच अक्षरावर पुन्हा खटका मारायचा. हात केसभर सरकला तरी 'तात्काळ' हा शब्द दारू पिऊन आल्यासारखा दिसायचा. शब्दाखाली रेघ ओढायची तर पुन्हा गाडी मागे. एका पत्रात तीन शब्द ठळक असले तर दुपारी भाकरी एक जास्त लागे. अशा माणसाला जेव्हा त्याची धाकटी लेक संस्कृती हिने मोबाइलवर एका शब्दाच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन चांदण्या टाकून दाखवल्या, आणि बाणाचं बटण दाबताच चांदण्या गायब होऊन तो शब्द टरारून फुगला, तेव्हा उकंडराव खुर्चीत होते म्हणून बरं.

"चांदण्या कुठी गेल्या?" त्यांनी विचारलं.

"काम झालं बाबा, गेल्या."

"अन् काम कोनं केलं?"

"त्याईनंच."

काम न करता जागेवर बसून राहणारे उकंडरावांनी हयातभर पाहिले होते. काम करून नाव न सांगता निघून जाणारं कोणी त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. संस्कृती नागपूरच्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. तिने सांगितलं की ती सारी पुस्तकं अशीच साध्या अक्षरांत लिहिली जातात. मथळ्याआधी एक खूण, यादीआधी एक खूण, आणि नटवायचं काम यंत्राचं. अक्षर तिरपं करायचं तर दोन्हीकडे खाली दोन आडव्या रेघा. फक्त खूण शब्दाला खेटून उभी पाहिजे, मधे जागा सोडली की ती आपलं काम विसरते. हा नियम उकंडरावांना फार आवडला. सरकारी नियमाला असतो तसा त्यालाही एक हट्ट होता.

आता हे सगळं शिकण्याचं कारण सांगायला हवं. संस्कृतीचं लग्न ठरलं होतं. छापील पत्रिका देवापुढे आणि चार वडीलधाऱ्यांपुढे ठेवण्यापुरत्याच काढायच्या, बाकी साऱ्या गोताला मोबाइलवरूनच निमंत्रण, असं पोरांनी ठरवलं. थोरल्या पवनने पुण्याहून एका निळ्या ॲपवर सगळ्या गोताचा गटही काढून दिला. मसुदा अर्थातच उकंडराव करणार होते. आणि त्या मसुद्यात एक नाव असं लिहायचं होतं की मागचं सारं धुऊन निघावं. ते नाव होतं रामधनचं. रामधन म्हणजे त्यांचा मेहुणा, तुळसाबाईंचा भाऊ, संस्कृतीचा मामा.

पवनच्या लग्नात घोटाळा झाला होता. छापखानेवाल्याला पत्रिकेत जागा पुरली नाही, म्हणून त्याने मामाचं नाव उचललं आणि जिथे जागा दिसली तिथे ठेवलं. जागा होती शेवटच्या ओळीत. 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं', आणि त्याखाली सोनू, पिंकी, गोलू, रामधन. रामधनच्या मिशा तेव्हाच पांढऱ्या झाल्या होत्या. शेलूबाजारात दोन भावांच्या वाटणीचा तंटा असो की बैलजोडीचा सौदा, लोक त्याला मधे बसवत. हा माणूस लेकरांच्या ओळीत बसवला गेला आणि लग्नातून न जेवता उठून गेला. तेव्हापासून येणं-जाणं बंद. भाऊबीजेला तुळसाबाई अंगणात उभ्या राहून चंद्राला ओवाळत. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका तसं करतात. आपला भाऊ शेलूबाजारला धडधाकट असताना त्या तसं करत, आणि ओवाळून झाल्यावर ताट घासायला लगेच आत जात.

"पोरीचा हात धरून तिले मांडवात मामा आनते," त्या एकदाच म्हणाल्या. "माहा भाऊ आला नाई तं मी घरातच बसतो. तुमी करा लगन."

बाई एकदाच बोलली की दुसऱ्यांदा बोलत नाही, हे उकंडरावांना ठाऊक होतं.

त्यांनी मसुदा केला. रामधनच्या नावाला दोन्हीकडे चांदण्या लावल्या. नाव असं काही उठून दिसलं की उकंडरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. इथेच पाठवून मोकळे झाले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण कचेरीची सवय. त्यांनी मसुदा आधी जवळच्या चार माणसांना 'अवलोकनार्थ व अभिप्रायार्थ' धाडला. ज्याने कोणी आजवर अभिप्राय मागवला, त्याला तो मिळालाच आहे.

पहिला फोन बहीण चंदाबाईचा. "दादा, मामाचं नाव एवढं फुगलं अन् आत्याचं काहून वाळलं?"

उकंडरावांनी चंदाबाईला चांदण्या दिल्या. मग काकांना द्याव्या लागल्या, काकांना दिल्यावर चुलत काकांना. थोरले जावई देवानंद यांना काहीतरी वेगळं आणि नाजूक असावं म्हणून त्यांनी तिरपं अक्षर दिलं. जावयाचा फोन तासाभरात आला. "मामंजी, सगळे उभे हायेत, मीच काहून पडून राह्यलो?" जावयालाही उभं केलं. शेवटी सारी पत्रिका ठळक झाली आणि त्या धिप्पाड गर्दीत रामधन पुन्हा हरवला. सगळेच ओरडायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही, ही साधी गोष्ट उकंडरावांना चांदण्यांनी शिकवली.

ते डोकं धरून ओट्यावर बसले असताना शेजारचे रतनसिंग आले. रतनसिंग एसटीचे निवृत्त कंडक्टर. जिल्ह्यातल्या प्रत्येक देवळाची पाटी त्यांनी तिकीट फाडता फाडता वाचलेली होती, त्यामुळे अक्षरांच्या बाबतीत आपला अधिकार आहे असं त्यांना वाटे.

"साहेब, देवाच्या नावाले काय असते?" त्यांनी विचारलं. "दोन्हीकून दोन-दोन उभ्या रेघा. हनुमान असो का देवी असो, रेघा पायजेच. मानसाच्या नावाले कोनी देत नाई. तुमी मामाले द्या. बघा कोनाची हिंमत होते का मले बी द्या म्हनाची."

उकंडराव थक्क झाले. इतकी सोपी युक्ती आपल्या हयातभराच्या मसुद्यांना सुचू नये याचं त्यांना वाईटही वाटलं. श्लोकाच्या शेवटी असते ती खरी रेघ काही मोबाइलच्या पाटीवर सापडेना. पण चिन्हांच्या तिसऱ्या पानावर, कधीच कोणी वापरत नसावं अशा सामानात, एक सरळ उभी रेघ मिळाली. ती त्यांनी श्रीगणेशाच्या दोन्हीकडे दोन-दोन लावली. मग कुलस्वामिनीला लावली. मग श्वास रोखून रामधनला लावली. बाकी साऱ्या गोताच्या चांदण्या काढून घेतल्या. आधी स्वतःलाच पाठवून तपासावं असं एकदा मनात आलं, पण देवाच्या नावाची कसली तपासणी करायची? त्यांनी मजकूर गटावर सोडला, मोबाइल खिशात टाकला आणि रतनसिंगांना घेऊन बसस्टँडवर चहा प्यायला गेले.

पहिला घोट घेतला तोच चंदाबाईचा फोन. "दादा, गनपती कुठी गेला?"

"कुठी जाईन? वरच हाये."

"नाई ना. तिथी नुसती रांगोयी सांडल्यावानी होऊन राह्यली. अन् ते हालून राह्यली."

उकंडरावांनी मोबाइल उघडला. खरंच. गणपतीच्या जागी बारीक बारीक कण चमकत, वळवळत होते. कुलस्वामिनीच्या जागी तेच. आणि 'पोरीचे मामा' असं लिहून पुढे मामाच्या जागी धुळीचा एक लांब पट्टा. बाकी सगळी नावं धडधाकट होती. चुलत काका, जावई, गोलू, पिंकी, सगळे जागच्या जागी. गोतातून फक्त दोन देव आणि एक मेहुणा तेवढा नाहीसा झाला होता.

त्यांनी मोबाइल बंद करून चालू केला. काच रुमालाने पुसली. चहावाल्याने 'फोन गरम झाला असन' म्हणून तो पाण्याच्या माठावर ठेवायला सांगितलं, तेही केलं. संस्कृतीला फोन लावला, तर ती वाशीमला ब्लाउजं टाकायला गेलेली आणि फोन पिशवीच्या तळाशी. तिसऱ्यांदा लावत असताना घरून तुळसाबाईंचा आला. त्या नेहमी 'भाजी घेऊन या' म्हणायच्या. आज म्हणाल्या, "दादाचा फोन आलता."

"काय म्हने?"

"म्हने, मागच्या टायमाले लेकराईत बसवलं. यंदा माती लोटली."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. उकंडराव घरी पोचले तेव्हा कुरडयांचा चीक पातेल्यात तसाच घट्ट होत होता आणि तुळसाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. ज्या माणसाच्या पत्राला आयुष्यात एकदाही 'पुन्हा सादर करा' असा शेरा आला नव्हता, तो माणूस स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात चपला हातात घेऊन उभा राहिला.

आत बसवेना म्हणून ते रतनसिंगांच्या अंगणात गेले. तिथे रतनसिंगांची आई, धुरपताबाई, बाजेवर बसून शेंगा फोडत होती. म्हातारीला अक्षर येत नव्हतं. लेकाने झालेला प्रकार तिला ओरडून सांगितला, कारण तिला ऐकूही कमीच येई. उकंडरावांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "मावशी, इथी गनपती होता."

"होता म्हंजे?" म्हातारी म्हणाली. "देव कुठी जाते का?"

तिने शेंगांचा हात लुगड्याला पुसला, चमचमणाऱ्या धुळीवर बोट टेकवलं, आणि देवळाच्या पायरीला शिवून कपाळाला लावतात तसं ते कपाळाला नेलं.

धूळ फाकली. बोट लागलं होतं तिथून ती गोल गोल पसरत गेली आणि खालून श्रीगणेश वर आला. एवढ्यावर थांबलं नाही. खाली कुलस्वामिनी उमटली आणि त्याच दमात, सगळ्या गोताच्या मधोमध, रामधन. देवाला हात लावला आणि मेहुणा दिसला.

रतनसिंगांनी नकळत पायातल्या चपला काढल्या. उकंडरावांनी गट बंद करून पुन्हा उघडला, तर धूळ परत जागेवर. बोट टेकवलं, परत दर्शन. त्यांनी ते इतक्या वेळा केलं की म्हातारी कंटाळली.

"पाया पडल्यावर देव दिसते," ती म्हणाली. "त्यात पाहासारखं काय हाये?" आणि ती शेंगा फोडायला लागली.

संध्याकाळी संस्कृती आली आणि तिने पोट धरून हसत उलगडा केला. सिनेमाचा शेवट वगैरे लिहायचा असला आणि ज्याला तो आधी कळायला नको त्याच्यापासून झाकायचा असला, तर त्या ॲपवर दोन्हीकडे दोन उभ्या रेघा देतात. मग त्यावर पडदा येतो, आणि बोट लावलं की उठतो. "काढून टाकू का रेघा?" तिने विचारलं.

कोणी तरी, कुठल्या तरी देशात बसून, झाकण्यासाठी ती खूण नेमली होती. आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीच खूण मान देण्यासाठी होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, आणि दोघांची भेट आपल्या मसुद्यात व्हावी, या विचाराने उकंडरावांना गहिवरून आलं. "राहू दे," ते म्हणाले. "आधी शेलूबाजारले जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने नवरा-बायको निघाले. हळद-कुंकवाची पुडी आणि अक्षता तुळसाबाईंनी पदराच्या टोकात बांधल्या होत्या आणि त्या गाठीवर हात ठेवून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

रामधन ओसरीत बसला होता. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. त्याची बायको गोमतीबाई पाणी देऊन आत गेली. उकंडरावांनी घसा साफ केला आणि बसमधे जुळवलेलं निवेदन सुरू केलं. सदर पडदा हा तांत्रिक स्वरूपाचा असून त्यामागे कोणताही हेतू नव्हता, आणि बोट लावल्यास नाव पूर्ववत दिसतं, असा त्याचा सारांश होता.

"मी माह्या नावाले बोट लावू?" रामधन म्हणाला. "लोकाईची नावं आयती दिसतात. मीच काहून उकरून काढू मले?"

यावर निवेदनात काही नव्हतं. तेवढ्यात तुळसाबाई उठल्या. त्यांनी भावाचा उजवा हात मनगटाला धरला, राखी बांधताना धरतात तसा, आणि त्याचं बोट नवऱ्याच्या मोबाइलवर टेकवलं. भावाने हात ओढून घेतला नाही.

धूळ फाकली आणि रामधनने स्वतःचं नाव खालून वर येताना पाहिलं. मिशीतला त्याचा ओठ हलला. मोबाइल उलटा करून त्याने मागूनही पाहून घेतला.

"वरतं कोन हाये?"

"गनपती. मंग कुलस्वामिनी. मंग तुमी," उकंडराव म्हणाले.

"मधात कोनी नाई?"

"रेघावाला मधात कोनी नाई."

रामधनने गोमतीबाईला हाक मारून बोट लावायला लावलं. मग शेजारचे दोघे आले. त्यातला एक जण आधी हात धुऊन आला. थोड्याच वेळात ओसरीत चांगलीच रांग लागली. प्रत्येकाने बोट लावायचं, नाव उगवायचं, आणि 'आईच्यान' म्हणून मागे सरायचं. रामधन मधे बसून दर वेळी गट बंद करून पुन्हा पडदा पाडून देत होता. "सगळ्याईची नावं लोकं नुसती वाचतात," तो रांगेला समजावून सांगत होता. "याले हात लावा लागते." उकंडरावांनी तुळसाबाईंकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी त्या पदराआड हसत होत्या.

लोक पांगल्यावर रामधनने चष्मा लावला आणि सारी पत्रिका पहिल्यापासून मोठ्याने वाचली. काका झाले, आत्या झाल्या, जावई झाले, गोलू-पिंकी झाले. शेवटाला येऊन तो थांबला. परत वर गेला. मग त्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. पत्रिकेत रिकाम्या दिसणाऱ्या जागी तो बोट लावत सुटला. इथे लाव, तिथे लाव, मधल्या मोकळ्या ओळीवर लाव.

"काय पाहून राह्यले?" उकंडरावांनी विचारलं.

"भाऊजी, तुळसा कुठी हाये याच्यात? कोन्या जागी बोट लावलं का दिसन ते?"

उकंडरावांनी मोबाइल हातात घेतला. 'सौ. व श्री. उकंडराव अवचार यांची कन्या' असं तिथे होतं. "हे काय," ते म्हणाले. "सौ. म्हंजे तेच."

"सौ. तं माही बायको बी हाये," रामधन म्हणाला. "साऱ्या शेलूबाजारच्या बायका सौ. हायेत."

उकंडरावांनी चांदण्या वाटल्या होत्या, अक्षरं तिरपी केली होती, परत सरळ केली होती, चुलत काकांच्या मुलांचीही नावं तपासली होती. एवढ्या सगळ्यात ज्या बाईची लेक मांडवात उभी राहणार होती तिचं नाव लिहायला ते साफ विसरले होते. आणि पवनच्या पत्रिकेतही ते नव्हतं, हे त्यांना आत्ता, मेहुण्याच्या ओसरीत, आठवलं. छापखानेवाल्याने चुकवलं नव्हतं, त्यांनी दिलंच नव्हतं.

"जाऊ दे ना दादा," तुळसाबाई म्हणाल्या. "माहं काय लिहा लागते? सगळ्याईले ठाऊकच हाये."

त्या हे रुसून म्हणाल्या असत्या तर उकंडरावांना उत्तर सुचलं असतं. पण त्या अगदी सहज म्हणाल्या.

"हिचं नाव लिहा," रामधन म्हणाला. "मंग मी येतो. पोरीले हाताले धरून मांडवात आनतो. नाई तं नाई."

उकंडरावांनी मजकूर दुरुस्तीला उघडला. बायकोचं नाव त्यांनी जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं, आणि कचेरीत लाखो नावं लिहिलेल्या या हाताने ते शेवटचं कधी लिहिलं तेही त्यांना आठवेना. 'तुळसाबाई' एवढं उमटायला फार वेळ लागला. मग ते बायकोकडे वळले.

"काय देऊ?" त्यांनी विचारलं. "चांदण्या देऊ? का भावासारख्या रेघा देऊ?"

तुळसाबाईंनी विचार केला. साडी घेताना करत तसा, नीट.

"काईच नका देऊ," त्या म्हणाल्या. "साधंच राहू द्या."

उकंडरावांनी साधंच पाठवलं आणि मोबाइल बायकोच्या हातात दिला. तुळसाबाईंनी ओळ शोधली. सकाळपासून सगळे करत होते तसं त्यांनीही आपल्या नावावर बोट टेकवलं. धूळ उडाली नाही, पडदा सरकला नाही, काहीच झालं नाही. त्यांनी बोट उचलून पाहिलं. नाव होतं तिथेच होतं.

"हे बंद करून पुन्हा उघडलं तं?" त्यांनी विचारलं.

"राहाते," उकंडराव म्हणाले.